आजोबांना हात लावू नका

"पुसेल त्याला वाट, न पुसेल त्याला घाट!"

माझी आत्या हे म्हणायची, दोरीवर कपडे वाळत घालता घालता. मी तिच्या मागे मागे. "आत्या, कपडे वाळतात म्हणजे त्यातलं पाणी जातं कुठं? सावली ओली का होत नाही?" आत्या तोंडात चिमटे धरून उत्तरं द्यायची, त्यामुळे निम्मी उत्तरं मला आजतागायत कळलेली नाहीत. पण ती ओळ म्हणायची वेळ आली की चिमटे हातात काढून घ्यायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची. इतकी वर्षं झाली, तो आवाज अजून कानात टांगलेला आहे, उन्हात वाळत घातलेल्या झबल्यासारखा!

त्या आवाजाच्या जोरावर सांगते, मला बोलतं करता येणार नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय! दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात यंत्र घातलेलं असताना मी त्यांच्याकडून त्यांच्या सासूबाईंची सगळी हकिगत काढून घेतलेली आहे. नुसत्या भुवयांनी!

तर अशी मी, काही महिन्यांपूर्वी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले. तुमच्या पडद्यावर 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असं येतं ना, तसली वाक्यं मी लिहिते. म्हणजे चूक दुसऱ्याची आणि दिलगिरी माझी!

कंपनी किती छोटी? तर एकाला शिंक आली की बाकीचे सगळे खिडकी लावायला उठतात. सायकलच्या दुकानावर एक हॉल, चहा करायला एक कोपरा, आणि मधोमध एक काचेची खोली. आम्ही लॉन्ड्रीवाल्यांसाठी प्रोग्रॅम बनवतो. तुम्ही तुमचा कोट धुवायला टाकता. तो कुठल्या यंत्रात जायचा, कुठल्या खुंटीवर टांगायचा, परत कुणाच्या हातात पडायचा, हे सगळं आमचा प्रोग्रॅम ठरवतो.

या प्रोग्रॅमच्या पोटात एक फार जुना भाग आहे. त्याला सगळे 'आजोबा' म्हणतात. खुंट्या ठरवतात ते आजोबा! आम्ही त्यांच्या भोवती नव्या खोल्या बांधल्या, भिंतींना रंग दिले, खिडक्या बसवल्या. आजोबा आपले मधोमध ठाण मांडून बसलेले. त्यांना कुणी हात लावायचा नाही, हा कंपनीतला पहिला नियम. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "का?" तर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी झोपलेल्या बाळाच्या कानाशी ताट आपटलं होतं.

आजोबांचं मन कळतं फक्त एका माणसाला. त्याला आम्ही मुनी म्हणतो. बोलायचं म्हणजे त्याला कडू औषध! 'हो', 'नाही' आणि 'बघतो' एवढ्यावर त्याचा संसार चालतो. 'बघतो' म्हणाला की त्या दिवसाचं बोलून झालं. त्याला बोलतं करायचं मी किती दिवस मनात धरून होते म्हणून सांगू! भुवया थकल्या माझ्या.

अलीकडे मात्र मुनीचं काहीतरी बिनसलं होतं. खिडकीतून बाहेर बघत बसायचा. सुस्कारे टाकायचा. एरवी चुरगळलेल्या शर्टात येणारा माणूस, एके दिवशी चक्क इस्त्री करून आला! हॉलमध्ये कुजबुज उठली. नोकरदार माणूस उगाच इस्त्री करत नाही हो. कुठंतरी मुलाखत असल्याशिवाय नाहीच!

दुसऱ्या दिवशी सरांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. मऊ माणूस. इतका मऊ, की दारालासुद्धा धक्का देत नाही, आधी टकटक करतो, आणि दार स्वतःच्याच खोलीचं असतं!

"अगं, मुनी चाललाय," सर हळूच म्हणाले. "मला दिसतंय ते. तो गेला तर आजोबांचं कोण बघणार? कंपनी बसली म्हणून समज."

"मग विचारा की त्याला!"

"विचारलं आणि तो 'हो' म्हणाला तर?"

माझ्याकडे युक्ती होती!

"सर, आपल्या वेबसाइटवर एक पान करू या. 'आमच्या माणसांचे अनुभव.' इथं काम करताना कसं वाटतं, का राहता, काय आवडतं. एकेकाला इथं आत बोलावू. सगळ्यांना विचारलं म्हणजे मुनीला संशय यायचा नाही. त्याला शेवटी बोलावू. तोवर मी अशी रंगात आलेली असेन, की तो आपण होऊन सांगेल!"

सरांचा चेहरा उजळला.

"आणि एक करा," मी म्हटलं. "चहा तुम्ही स्वतः करून आणा. मालकाच्या हातचा चहा म्हटल्यावर माणूस विरघळतो."

"करतो की! मी चहा छान करतो."

हे त्यांचं मत. सरांचा चहा म्हणजे गरम पाण्याला चहाची नुसती ओळख करून दिलेली असते. पण मला तेव्हा काय ठाऊक! मी त्यांच्या हातचा चहा कधी पाहिलाच नव्हता. त्याचं कारण नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

पहिला आला रंगारी. आमचे पडदे, बटणं, चित्रं तो रंगवतो. दार ढकलून हसत हसत आत आला. समोर सर, हातात ट्रे, ट्रेमध्ये कप. रंगारीचं हसू पाटीवरच्या अक्षरासारखं पुसलं गेलं.

"हे… माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठीच रे!" सर प्रेमानं म्हणाले.

रंगारी खुर्चीच्या कडेवर टेकला. खुर्ची दुसऱ्याची असल्यासारखा.

"मोकळेपणानं सांग हं," मी पेन सरसावलं. "इथं काम करताना सगळ्यात चांगलं काय वाटलं?"

"सगळंच." तो सरांकडे वळला. "सर, ते निळं बटण आहे ना? मी ते हिरवं करतो. आत्ता जाऊन करतो!"

"कुठलं निळं बटण?"

"लॉन्ड्रीवाल्या बाईंना आवडलं नव्हतं ते! मला वाटलं तुम्ही विसरलात!"

"अरे, बटणाचं सोड. तू आधी चहा घे."

यावर रंगारी उठला, त्यानं सरांचे दोन्ही हात हातात घेतले, "तुम्ही मला खूप शिकवलंत," म्हणाला आणि चहा एका घोटात संपवून बाहेर गेला. डोळे पुसत!

"बघा सर! कसं भरून आलं त्याला!" मी म्हटलं आणि 'इथं खूप शिकायला मिळतं' असं लिहून घेतलं. सरांचेही डोळे ओले झाले होते. "मला कधी माहीतच नव्हतं गं, या पोराच्या मनात एवढं आहे!"

दुसरा आला हॅलोदादा. गिऱ्हाइकांचे फोन हा घेतो. आवाज असा गोड, की भांडायला फोन केलेली माणसं शेवटी त्याच्याच तब्येतीची चौकशी करतात. त्यानं ट्रे पाहिला. पाठ ताठ केली.

"आलं म्हणायचं माझ्यापर्यंत."

"येणारच! सगळ्यांपर्यंत येणार!" मी आनंदानं म्हटलं.

"सगळ्यांपर्यंत?"

"हो! शेवटी मुनी."

"मुनीसुद्धा?" हॅलोदादाचा गोड आवाज तळाला गेला. "आणि मग आजोबा?"

हे ऐकल्यावर सरांचा चेहरा पडला. त्यांच्या काळजाचीच गोष्ट ती! "तेच तर बघायचंय रे आता," त्यांनी सुस्कारा सोडला.

हॅलोदादानं अर्धा कप घेतला, अर्धा तसाच ठेवला. "इथं का राहिलास?" या माझ्या प्रश्नावर तो म्हणाला, "माणसं चांगली होती हो," आणि सरांच्या खांद्यावर थोपटून निघून गेला. नोकरानं मालकाला थोपटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. किती मोकळं वातावरण! तेही लिहून घेतलं.

काचेतून बाहेरचं दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं. हॅलोदादा एकामागून एक फोन लावत होता आणि प्रत्येक फोनवर मान खाली घालून बोलत होता. रंगारी टेबलावरचा दिवा काढत होता, मग त्यानं आपली कुंडी उचलून छातीशी धरली, मग भिंतीवरचं घड्याळ काढलं, ते त्यानंच आणलेलं होतं. मुनी तेवढा कानावर हेडफोन लावून आजोबांसमोर बसलेला.

"काय चाललंय बाहेर?" सरांनी विचारलं.

"आवराआवर करतायत! वेबसाइटसाठी फोटो काढणार ना आपण!"

कुतूहल असावं तर असं. फक्त चुकीच्या दिशेला!

तिसरी आली खुसपटताई. आम्ही बनवलेल्या वस्तूतल्या चुका शोधणं हे तिचं काम. हे नाव आम्ही तिच्या तोंडावर घेतो आणि तिला ते आवडतं. कंपनीतली सगळ्यात जुनी बाई. ती आली ती खांद्याला पर्स लावून, हाताची घडी घालून. बसलीच नाही.

"चहा नको."

"असं काय ताई, मी स्वतः केलाय," सर कप पुढे करत म्हणाले.

"म्हणूनच नको! मी चहा पिणार नाही, म्हणजे मी जाणारही नाही. काय करायचं ते करा!"

"जाणार? कुठं जाणार?"

"सर, तुम्ही आणि हे नाटक? ही पोरगी नवीन आहे, हिला काय कळतं!"

"काय कळत नाही मला?" मी खुर्चीतून अर्धी उठले. मला न कळणारी गोष्ट माझ्यासमोर उभी, आणि मी गप्प बसेन?

खुसपटताईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी ती चुकीच्या रकान्यात पडलेल्या आकड्याकडे बघते.

"अगं, या कंपनीत सरांनी स्वतःच्या हातानं चहा केला की समजायचं, माणूस सुटला! आजवर जो जो गेला, कुणी आपण होऊन गेला, कुणाला जावं लागलं, त्या प्रत्येकाला शेवटच्या दिवशी या काचेच्या खोलीत सरांनी चहा दिलाय. आम्ही त्याला 'निरोपाचा चहा' म्हणतो. आणि आज सकाळपासून तुम्ही सगळ्या कंपनीला एकेक करून तो पाजताय!"

सरांनी हातातल्या ट्रेकडे पाहिलं.

"मला हे माहीतच नव्हतं," सर म्हणाले. खरंच माहीत नव्हतं हो त्यांना! "जाणाऱ्या माणसाशी काय बोलायचं ते मला सुचत नाही, ताई. हात रिकामे राहिले की जास्तच अवघडतं. म्हणून चहा करतो."

"आणि त्यात साखर का घालत नाही?"

"घालतो की!"

"कधीच नाही घातली. जाणाऱ्याच्या आठवणीत राहावा म्हणून मुद्दाम बिनसाखरेचा ठेवता, असं आम्ही समजत होतो."

मी काचेतून बाहेर पाहिलं आणि आता मला सगळं नीट दिसलं. दिवा. कुंडी. घड्याळ. हॅलोदादाचे ते फोन!

आम्ही तिघं बाहेर धावलो.

"अरे, कुंडी खाली ठेव!" मी ओरडले. "कुणी कुठं जात नाहीये! वेबसाइटचं पान आहे फक्त!"

"दादा, फोन कुणाला केलेस रे?" खुसपटताईनं विचारलं.

हॅलोदादा कावराबावरा झाला. "सगळ्यांना. आपली माणसं आहेत ती, न सांगता कसा जाऊ? म्हटलं, सांभाळून राहा, आमचा सगळ्यांचा चहा झाला."

बोलणं संपतंय न संपतंय तोच जिन्यावर पावलं वाजली. जिना आमचा लोखंडी. त्याच्यावरून मांजर गेलं तरी कळतं. ही पावलं मांजराची नव्हती!

लॉन्ड्रीवाल्या बाई आल्या. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गावभर त्यांची दुकानं आणि सगळी आजोबांच्या भरवशावर. हातावर कुणाचा तरी काळा कोट तसाच घेऊन आल्या होत्या.

"कोण कोण चाललंय?" दारातूनच आवाज. "हा फोनवर म्हणतो, बाई, आमचा चहा झाला. मी म्हटलं, झाला तर झाला, त्यात रडतोस कशाला? तर हा आणखीच रडायला लागला!"

"बाई, गैरसमज झालाय," सर पुढे झाले. "तुम्ही आधी बसा."

"बसत नाही! आज एकाचा लग्नाचा कोट माझ्याकडे आहे, एकाचा नव्या नोकरीचा आहे. ह्याचा त्याला गेला, तर मी तोंड कुठं लपवू? मला एवढंच सांगा, आजोबांजवळ उद्या कोण बसणार आहे? त्या मुनीचं काय? तो आहे की नाही? नसेल तर मी आजच दुसरी कंपनी बघते."

सर गडबडले. आणि गडबडले की त्यांचे हात काय करतात, हे आत्ताच त्यांनी सांगितलं होतं. ट्रे अजून त्यांच्याच हातात होता. खुसपटताईचा कप तसाच भरलेला. त्यांनी तो उचलला आणि बाईंच्या हातात दिला.

"बाईंनासुद्धा!" रंगारी किंचाळला. त्यानं कुंडी दणकन खाली टेकवली, माती सांडली.

"काय झालं?" बाईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "साखर नाही यात."

सगळ्यांच्या माना एकदम मुनीकडे वळल्या. या सगळ्या गदारोळात त्याचं लक्षच नव्हतं. मान वळवली तर आम्ही सगळे त्याच्याभोवती कोंडाळं करून उभे! त्यानं हेडफोन काढला.

आता खरं तर माझा प्रश्न. माझी वेळ. त्याच्यासाठीच तर हा सगळा घाट घातला होता मी! पण मी विचारलंच नाही. जन्मात पहिल्यांदा. त्याच्या डोळ्यांत असं काही होतं, की विचारणाऱ्यानंच मागं सरावं.

बाईंना असलं काही अडलं नाही.

"काय रे बाबा, तू राहणार की जाणार?"

मुनीनं हेडफोन टेबलावर ठेवला. खालच्या दुकानात कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं.

"जायचं होतं," मुनी म्हणाला.

दोन शब्द, आणि सर भिंतीला टेकले.

"दुसरीकडं नोकरी लागली होती. आधीही एकदा लागली होती. दोन्ही वेळा नाही म्हणालो."

"का रे?" माझ्या तोंडून सुटलंच.

"जाताना सगळं समजावून द्यावं लागतं ना. मागच्या महिन्यात सर म्हणाले, एकदा सगळ्यांना बसव आणि आजोबा समजावून सांग. तेव्हापासून झोप उडालीय माझी." त्यानं पडद्याकडे पाहिलं, आणि मग इतक्या दिवसांचं सगळं एकदम आलं, बंधाऱ्याची फळी काढल्यासारखं. "काय समजावू? मला आजोबा कळत नाहीत! कधीच कळले नाहीत. मी सकाळी येतो, ते चालू आहेत का बघतो. असले, तर हात लावत नाही. थांबले, तर बंद करून परत चालू करतो आणि मनातल्या मनात पाया पडतो. पहिल्या दिवशी हे सांगायला लाज वाटली. मग सगळे म्हणायला लागले, मुनीलाच कळतं. मग तर सांगताच येईना!"

खुसपटताई मटकन खाली बसली. रंगारीच्या कुंडीवरच.

"म्हणजे माझे कोट इतकी वर्षं देवाच्या भरवशावर?" बाई म्हणाल्या.

"एक तरी हरवला का?"

बाईंनी विचार केला. हातातल्या काळ्या कोटाकडे पाहिलं. "नाही," त्या नाइलाजानं म्हणाल्या.

"तेच तर मला कळत नाही!" मुनीचे डोळे आता लुकलुकत होते. माझ्या ओळखीचीच ती लुकलुक! "हरवायला पाहिजे खरं तर. मी आत जाऊन जाऊन बघितलंय. एका जागी लिहिणाऱ्यानं लिहून ठेवलंय, 'हे काढू नका.' खाली ना कारण, ना काही. आजूबाजूला त्या ओळीचा कशाशी संबंध नाही. मी कितीदा तिथं बसून राहिलोय. सर सांगतात, लिहिणारा फार हुशार माणूस होता, परदेशी गेला. आता मला जायचं-बियचं काही नाही हो. मला फक्त त्या माणसाला एकदा भेटायचंय. विचारायचंय, बाबा रे, का काढायचं नाही?"

सरांनी ट्रे टेबलावर ठेवला. हात रिकामे झाले, आणि त्या रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना कळेना.

"तो परदेशी गेला नाही," सर म्हणाले.

"मग कुठं आहे?"

सरांनी खिशातून चष्मा काढला. पुसला. परत पुसला.

मुनी त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं शेजारची खुर्ची ओढली, आपल्या खुर्चीला लावून ठेवली, आणि पडद्यावर ती जागा उघडली. सर बसले. नाक पडद्याला लागेल इतके जवळ जाऊन त्यांनी ती ओळ वाचली, मग तिच्या वरच्या वाचल्या, खालच्या वाचल्या. आम्ही सगळे मागे वाकून उभे. बाईसुद्धा, कोट सांभाळत.

"मी लिहिलंय हे," सर अखेर म्हणाले. "लाज वाटायची रे, म्हणून परदेशी पाठवला त्याला. एकदा काढून बघितली होती ही ओळ. सगळं बंद पडलं. परत ठेवली, चालू झालं. का, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं."